माइकवाल्या काकांचं भाषण

शाळेत कुणी भाषणात अडखळलं, की माइकवाले काका गुपचूप बटण बंद करायचे. "आवाज येत नाहीये!" असा गलका व्हायचा, काका उगाच वायरी चाचपायचे आणि तेवढ्यात वक्त्याला पुढचं आठवायचं. खापर काकांच्या माथी. मुख्याध्यापिका बाई तर त्यांना चारचौघांत झापायच्या. बाईंच्या दर भाषणात माइक एकदा तरी बंद पडायचाच.

आज आपल्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात काका स्वतः बोलायला उभे राहिले. "आदरणीय..." म्हणाले आणि पुढचं सगळं साफ विसरले. बटण राहिलं पार मागच्या भिंतीला. त्यांनी गिळलेला आवंढासुद्धा सभागृहभर खणखणीत ऐकू गेला.



पहिल्या रांगेतून बाई कडाडल्या, "काका, आवाज येत नाहीये! वायरी बघा जरा... सावकाश!"