मध्यंतरानंतरचे काम

मध्यंतराचे दिवे लागले, तोवर फोरमनने त्या चित्रपटाची लक्तरे वेशीवर टांगली होती. नायक एकटा गुंडांची फौज लोळवतो आणि त्याच्या केसांचा भांग मोडत नाही. नायिका तापाने फणफणली आहे, तथापि ओठांचा रंग ताजा. फोरमन हे सारे चढ्या आवाजात बोलत होता. पुढच्या रांगेतील एका गृहस्थाने दोनदा मागे वळून पाहिले. तेव्हा फोरमनने त्यालाच विचारले, की तुम्हाला हे पटते का?

कारखान्यात पात्याची धार पारखावी तसे तो चित्रपट पारखत असे. उभ्या आयुष्यात त्याला एकच चित्रपट आवडला होता. त्यातील नायक लेथवर लोखंड कातण्यापूर्वी डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवतो, एवढेच त्याचे कारण. त्या चित्रपटाची कथा तो केव्हाच विसरला होता. बाकीचे सर्व त्याच्या लेखी भंगार होते. रडके चित्रपट तर विशेष. पडद्यावरचे रडे पाहून रडणारा मनुष्य कांदा चिरण्यासही नालायक, असे त्याचे मत होते. त्याच्या बायकोने त्याच्यासोबत थिएटरात येणे कधीच सोडले होते.

आज मात्र तो लेक-जावयासोबत आपण होऊन आला होता. जावई कारखान्यात त्याच्याच हाताखाली शिकलेला, हाताला वळण असलेला कारागीर. अशा मनुष्याने चालती नोकरी सोडून चित्रपटात काम मिळवण्यासाठी दारोदार हिंडावे, हे फोरमनला सहन होण्यासारखे नव्हते. अखेर त्याने जावयासमोर अट ठेवली होती. पहिल्या चित्रपटातले काम आपण स्वतः पाहू. काम नाव घेण्याजोगे असेल तर पुन्हा ब्र काढणार नाही. नसेल तर सोमवारी मुकाट्याने लेथवर उभे राहायचे. जावयाने मान डोलावली होती. काम कोणते, हे त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. मध्यंतरानंतर आहे, एवढेच तो म्हणाला होता.

"काय जावईबापू," दिवे मालवले तसा फोरमन लेकीच्या पलीकडे वाकून म्हणाला, "डोळे उघडे ठेवू ना? नाहीतर शिंक यायची आणि तेवढ्यात तुमचं काम संपायचं."

जावई कसनुसा हसला. लेकीने बापाला कोपराने ढोसले.

फोरमन सावध बसला. पोस्टमन आला, तो जावई नव्हता. फौजदार आला, तोही नव्हता. हॉटेलचा वेटर ट्रे घेऊन आला तेव्हा फोरमनने हसण्याची तयारीच केली. परंतु तोही कोणी दुसराच निघाला. मग नायकाच्या थोरल्या भावाचे प्रेत घरी आणले गेले. म्हातारी आई धावत आली. तिने तोंडावरचे कापड दूर केले.

तो जावई होता.

फोरमनला प्रथम आनंदच झाला. जिवंत माणसाचे काम जमेना म्हणून मेलेल्याचे दिले, असे झणझणीत वाक्य त्याच्या जिभेवर आले. त्यापूर्वी खोट काढावी, म्हणून तो नेहमीच्या सवयीने निरखू लागला. पापणी हलली नाही. गळ्याची घाटी हलली नाही. म्हातारी त्या छातीवर डोके आपटत होती आणि छाती लाकडासारखी पडून होती. हनुवटीवर तो जुना व्रण होता. शिकाऊ असताना लोखंडाचा तापलेला कीस उडून झालेला. त्या दिवशी फोरमननेच जखम धुतली होती. खालचा ओठ किंचित डावीकडे लोंबत होता. जेवण झाल्यावर फोरमनच्या खाटेवर झोप लागली, की तो असाच लोंबत असे.

जिभेवरचे वाक्य जिभेवरच राहिले. फोरमनने बाजूला पाहिले. पडद्याच्या निळसर उजेडात जावई खुर्चीत बसलेला होता, तो देखील निश्चल. फोरमनने अंधारात हात लांबवून त्याचे मनगट धरले. तेथे लेकीचा हात आधीच होता. दोघांनीही ते मनगट दृश्य बदलेपर्यंत सोडले नाही.

त्यानंतर नायकाने एकट्याने अख्खे बंदर पेटवून दिले. फोरमन अवाक्षर बोलला नाही.

बाहेर पडताना लोक डोळे पुसत होते. पुढच्या रांगेतील गृहस्थ नाक शिंकरत जिना उतरला. लेक नवऱ्यावर कडाडली. आधी सांगायला काय झाले होते, असे तिने विचारले. सांगितले असते तर तू आली असतीस का, असे त्याने विचारले. त्यावर तिने तोंड फिरवले आणि पदर डोळ्यांना लावला. फोरमन पायरीवर उभा राहून चपलेचा पट्टा उगाच घट्ट करीत होता. त्याचे हे मौन जावयाने तिरस्काराचे मानले. खाली मान घालून तो सासऱ्याजवळ आला.

"मामा, ठरल्याप्रमाणे सोमवारी येतो कामावर."

"मशीन दुसऱ्याला दिलं मी," फोरमन म्हणाला. त्याने ते अद्याप कोणालाही दिलेले नव्हते. "पुढचं काही मिळालंय का?"

मिळाले होते. आजचे काम पाहून दुसऱ्या एका दिग्दर्शकाने बोलावले होते. जावयाने हे चाचरत सांगितले. तेथेही पुन्हा असेच निजून राहायचे होते.

फोरमन त्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहत राहिला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, इतक्या हळू आवाजात, की लेकीलाही पुढे यावे लागले, तो म्हणाला,

"त्यांच्याकडे बोलणारं काम माग, पोरा. वाईट केलंस तरी चालेल."