उलटा कंगवा

“एकही केस इकडचा तिकडे व्हायला नको,” दादा सलूनवाल्याला म्हणाला. “उजव्या गालाला तर कात्री लावायचीच नाही. खाली विंचरायचं आणि सोडून द्यायचं.”

धाकटा भाऊ बारक्या गळ्यापर्यंत पांढरं कापड लपेटून खुर्चीत मुकाट बसला होता. दादा मागे उभा. खुर्चीच्या पाठीवर त्याची बोटं वाजत होती आणि उजव्या हातातली मोठ्या खड्याची अंगठी टकटक करत होती. ती टकटक ऐकली की बारक्याची मान आपोआप आखडायची. आज त्यानं ती आखडू दिली नाही.

बाकावर दादाचा होणारा मेव्हणा पेपर चाळत बसला होता. लग्न संध्याकाळी होतं. नवरीकडची माणसं साधी, हळू बोलणारी. बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी घोळवून घोळवून एकच विचारलं होतं, मुलगा तापट तर नाही ना? त्यावर दादा असा काही गोड हसला होता, की त्याची सख्खी आई त्याच्याकडे बघतच राहिली.

“दाढी मात्र झकास राखलीत हां,” मेव्हणा बारक्याला म्हणाला. “आमची बघा, इथे चार केस, तिथे दोन. करता तरी काय?”

“काय नाही केलं ते विचारा!” उत्तर दादानंच दिलं. “तेल मी आणलं, ब्रश मी आणला. जागरणं बंद केली, सिगारेट सोडायला लावली. अंडी, भरपूर पाणी, सकाळी उठून पळणं. सुरुवातीला अशी खाज सुटते की लोक वैतागून भादरून टाकतात. मी याला गालाला हात लावू दिला नाही.”

त्यात खोटं काही नव्हतं. लग्न ठरलं त्याच दिवशी दादानं बजावलं होतं, दाढी वाढव, फोटोत तो गाल दिसता कामा नये. आईनंही त्याचीच री ओढली. बारक्यानं हूं की चूं केलं नाही. उलट त्यानं दाढीची पोटच्या पोरासारखी निगा राखली. कोमट पाण्यानं धुवायची, खसाखसा न पुसता नुसती टिपायची, दोन थेंब तेल बोटांनी मुळापर्यंत जिरवायचं आणि मगच ब्रश फिरवायचा. असा गुणी भाऊ शोधून सापडायचा नाही, असं दादा जो भेटेल त्याला सांगत सुटला.

गुणी भाऊ झोपायच्या आधी दाराला कडी घालून आरशासमोर उभा राहायचा आणि दाढी उलटी विंचरून बघायचा. कानापासून हनुवटीपर्यंत गेलेल्या त्या व्रणावर एकही केस उगवत नव्हता. दाढी नव्हती तेव्हा खूण पुसट होती, मुद्दाम पाहिली तरच कळायची. आता दोन्ही बाजूंना रान माजलं होतं आणि मधून ती पांढरी वाट लख्ख उघडी पडली होती. दाढी जेवढी दाट, तेवढी वाट ठळक. दादाला याचा पत्ताच नव्हता, तो आपला वरूनच बघून खूश. बारक्याला त्याचा इतका राग होता की त्या रागापायीच तो दाढी दाट व्हावी म्हणून वेळेवर झोपायचा. आण, अजून तेल आण, असं तो आरशाला सांगायचा.

सलूनवाल्यानं शेवटचा हात फिरवला आणि कंगवा ठेवला. “बघा, कसा राजबिंडा दिसतोय.”

“चल, ऊठ,” दादा म्हणाला. “उशीर होतोय.”

बारक्या उठला नाही. कापडाखालून हात काढून त्यानं कंगवा उचलला आणि उजव्या गालावरचे केस खालून वर विंचरले. सावकाश, दोनदा.

मेव्हण्याचा पेपर खाली आला. “अरे बापरे! हे काय लागलं होतं?”

“लहानपणी जिन्यावरून पडला,” दादा चटकन म्हणाला. “कंगवा ठेव, बारक्या.”

“आमचं घर पाहिलंयत ना तुम्ही?” बारक्या आरशातून मेव्हण्याशी बोलला. “बैठं आहे. जिना कुठला आणायचा?”

“ठेव म्हणतो ना!”

मेव्हणा उठून खुर्चीजवळ आला. टकटक थांबली होती.

“तुमच्या ताईंच्या हाताला चव आहे ना?” बारक्यानं विचारलं. “नाही, आपलं विचारून ठेवतो. दादा, सांग ना यांना. त्या दिवशी मी केलेल्या भाजीत काय कमी पडलं होतं? मीठच ना?”

दादाचा हात वर गेला. उलटा, मागे ओढलेला, अंगठीचा खडा पुढे. सलूनवाला कात्रीसकट दोन पावलं मागे सरकला. बारक्यानं आयुष्यात पहिल्यांदा मान चुकवली नाही. त्यानं उजवा गाल जरा वर केला आणि वाट पाहिली.

मेव्हण्यानं आधी हवेतल्या अंगठीकडे पाहिलं, मग गालावरच्या रेघेकडे, आणि परत अंगठीकडे. दादाला हात खाली घ्यायचंही सुचत नव्हतं.

बारक्यानं कंगवा सलूनवाल्यापुढे धरला.

“आता काढून टाका,” तो म्हणाला. “सगळी.”