टोपीचे अस्तर

विद्येचे दार घरात एकालाच उघडले, की दाराबाहेर मत्सर जन्मभर तिष्ठत राहतो. फिनलंडच्या हेल्वीआजींना घरी ठेवून वडिलांनी धाकट्या भावाला, उर्होला, शिकवले; शालान्त उत्तीर्णांची पांढरी टोपी साठ वर्षे दर मे दिनाला तोच मिरवीत आला.

आज आजींची नात साइमी हिलाही तशी टोपी मिळाली.

उर्हो म्हणाला, "हल्ली वर्गात मुलगे तेवढ्याच मुली! आमच्या वेळी टोपीला मान होता. ताई, तुला काय कळणार म्हणा! जा, आतून माझी टोपी आण. टोपीवाल्यांचाच फोटो काढायचाय."

आत गेलेल्या आजींनी ती पिवळट टोपी क्षणभर चोरून स्वतःच्या डोक्यावर चढवली. अस्तरातून जुना कागद पडला. उर्होचा शालान्त परीक्षेचा निकाल: अनुत्तीर्ण.

 

कागद होता तसा अस्तरात सारून त्यांनी टोपी भावाच्या मस्तकी नीट बसवली. "शोभते हो दोघांनाही. सुखी राहा."