दोन आटे लांब

हँडलचा दुसरा स्क्रू बाहेर आला आणि मिस्त्रीचा हात थबकला. स्क्रू दोन आटे लांब होता. कंपनीचा असता तर इतका लांब नसता. तो त्याच्याच डब्यातला होता.

समोर स्टुलावर ती बसली होती. विजेवर चालणारी ती एकचाकी तिनं घरापासून छातीशी धरून आणली होती, कारण उचलायला हँडल उरलंच नव्हतं. मधोमध तुटून त्याचा एक तुकडा लोंबत होता. नवऱ्याला जाऊन एकवीस दिवस झाले होते. याच एकचाकीवर ताठ उभा राहून तो कामावर जायचा. गल्लीत त्याला सगळे ‘सर्कस’ म्हणायचे आणि तोही हसून ओ द्यायचा. गेल्या वर्षभरात ओ देणं त्यानं सोडलं होतं, पण असल्या गोष्टी दुकानदाराच्या लक्षात येत नाहीत.

“वहिनी, हँडल नवं टाकतो,” मिस्त्री म्हणाला. “पण आता चालवणार कोण ही?”

“कुणी नाही. तिसऱ्या मजल्यावर न्यायची आहे. धरायला काहीतरी हवं ना.”

या गाडीच्या हँडलखाली एक बटण असतं. हँडल धरून गाडी उचलली की ते दाबलं जातं आणि मोटर बंद होते. नाहीतर चाक हवेत गरगरत राहील आणि कुणाची तरी बोटं जातील. सोय चांगली आहे. पण माणूस वर उभा असताना ते दाबलं गेलं तर चाक तोल सांभाळायचं सोडून देतं, आणि माणूस पुढे फेकला जातो. दोन महिन्यांपूर्वी सर्कसचं हँडल खिळखिळं झालं होतं. कंपनीचा स्क्रू यायला पंधरा दिवस लागले असते. मिस्त्रीनं सरळ डब्यात हात घातला. माझ्याकडे काम अडत नाही, ही त्याची फुशारकी होती आणि गिऱ्हाइकंही त्यावरच भाळून यायची. “घ्या, आता वर्षभर बघायला नको,” असं म्हणून त्यानं गाडी हातात दिली होती.

आता त्यानं बटणावर टॉर्च मारला. वरच्या रबरी टोपीवर गोल खळगा पडला होता, बरोबर स्क्रूच्या टोकाएवढा. रस्त्यात एखादा खड्डा आला असेल, गाडीला दणका बसला असेल, हँडल खाली दबलं असेल आणि स्क्रूचं टोक बटणावर टेकलं असेल. आणखी काही शोधायची गरज नव्हती.

त्याला भीती वाटली. अगदी साधी, स्वतःपुरती भीती. पोलीस, दुकानाला कुलूप, वीस वर्षं कमावलेलं नाव मातीत. मेलेल्या माणसाची आठवण त्याला या सगळ्यानंतर झाली, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

“भाऊ, एक विचारू?”

“विचारा ना.”

“ही चालता चालता आपोआप बंद पडते का हो?”

हिच्या कानावर कुणीतरी घातलंय, मिस्त्रीला वाटलं. हँडलचं नुसतं निमित्त आहे.

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. रस्ता रिकामा होता म्हणे. समोरून एकच ट्रक येत होता. ड्रायव्हर सांगतो, कडेनं नीट चालला होता आणि एकदम माझ्या पुढ्यात आला.” ती त्याच्या हातांकडे बघत होती. “पोलिसांनी गाडी न उघडताच परत दिली. तुम्ही उघडलीये. तुम्हाला कळेल.”

स्क्रू मिस्त्रीच्या मुठीत होता. ती मूठ त्यानं सहज घालावी तशी खिशात घातली आणि रिकामी बाहेर काढली. मग नवं हँडल घेतलं, मापाचे आखूड स्क्रू घेतले. बटणाची टोपीही बदलली, कुणी न सांगता. हात सराईत होते, त्यांना काय. अर्ध्या तासात हँडल असं बसलं की हलवून हलेना. त्यानं गाडी चालू करून उचलली. चाक जागच्या जागी थांबलं.

“बघा,” तो म्हणाला. “हिच्यात कणभर दोष नाही. हँडल तुटलं ते आपटल्यामुळे. दोन महिन्यांपूर्वी मीच हिला आतून बघितलं होतं. आपण होऊन ही कुणाला पाडायची नाही.”

“नक्की?”

“शपथेवर सांगतो.”

“एखादी वायर? बॅटरी? एखादा स्क्रू वगैरे?”

एखादा वकील उलटतपासणी घेतोय असं त्याला वाटलं आणि त्याचा आवाज चढला. “अहो वहिनी, काहीच नाही. मनात काही शंका असेल तर आजच काढून टाका.”

ती उठली. नव्या हँडलवर तिनं हात ठेवला, पण गाडी उचलली नाही. मिस्त्री कपड्यानं हात पुसत राहिला. ही एकदाची गेली की सुटलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

“एकवीस दिवस मी एवढंच मागत होते, की गाडीत काहीतरी बिघाड निघू दे,” ती म्हणाली. “म्हणजे त्यानं स्वतःहूनच जीव दिला, भाऊ.”