हशाची वही

"पोटावर अजून एक उशी बांध," दिग्दर्शक ओरडला. "मालक मरताना आधी पोट पडलं पाहिजे, मग मालक!"

पडदा उघडायला अर्धा तास होता. प्रेताचं काम करणारा नट, ज्याला सगळे भोपळ्या म्हणत, निमूट उशी बांधायला लागला.

"आज पादायचं का?"

"म्हणजे काय! दुसऱ्या कडव्यात, तालात."

"पण आज त्या येणार ना?"

दिग्दर्शक उशीची गाठ स्वतःच आवळायला लागला.

त्या म्हणजे मालकीणबाई, खऱ्या मालकाची विधवा. खेळातला खून खरा होता, एकवीस वर्षांपूर्वीचा. गिरणीमालकाला त्याच्याच खोलीत उशी दाबून मारलं. बायको तीन दिवस बहिणीकडे गेलेली, घरात फक्त नोकर. नोकराला जन्मठेप झाली. त्यावर सिनेमा निघाला, तुफान चालला, आणि तो चालला म्हणून या मंडळींनी त्याची गाण्याबजावण्यासकट टिंगल काढली. लोक आधी तिकीट काढून घाबरले, मग तिकीट काढून हसले. खरं काय झालं ते बघायला कुणी कधी गेलं नाही, त्याला तिकीट नव्हतं तरी.

सिनेमातलं एक दृश्य पोराटोरांना पाठ होतं. नोकर मेलेल्या मालकाचा चष्मा काढतो, दांड्या मिटतो आणि अलगद प्रेताच्या खिशात ठेवतो. पोलिसांना चष्मा खिशातच सापडला होता. पोस्टरवरही तोच खिसा.

आता मालकीणबाईंच्या वकिलाची नोटीस आली होती: खेळ बंद करा. चौदा घरांच्या चुली या खेळावर पेटत होत्या.

"वकिलाच्या नादी कशाला लागता?" वहीबाईनंच सुचवलं होतं. "त्यांनाच बोलवा. हसलेलं माणूस भांडत नाही."

वहीबाई हशा मोजायची. प्रत्येक खेळाला प्रेक्षकांच्या कडेला पायरीवर बसायची. छोट्या हशाला एक रेघ, मोठ्याला दोन, छप्पर उडालं तर तीन. ज्या विनोदापुढे रेघ नाही तो दुसऱ्या दिवशी कापला जाई. वर्षापूर्वी ती आपणहून काम मागत आली होती. कपड्यांना टाके घालणं, रंगमंचावर सामान लावणं, तेही तिच्याच गळ्यात पडलं होतं. कामाला कधी ना नसे. बुधवारची सकाळ तेवढी ती येत नसे.

दुपारचा खेळ सुरू झाला. मालकीणबाई तिसऱ्या रांगेत, अकरा नंबरला. पहिली पाच मिनिटं अख्खं थिएटर नाटक सोडून त्यांच्याकडेच बघत होतं.

मग भोपळ्या पादला. मालकीणबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"अहो, बायको स्वतः हसतेय बघा!" मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली.

"मग आपण कशाला सुतकी तोंड करून बसायचं?"

पुढे सगळेच सुटले. तीन रेघा, पुन्हा तीन रेघा. वहीबाईची पेन्सिल थांबेना.

चष्म्याचं गाणं आलं. "मालक झाला गार, चष्मा करा पार!" नोकराचं काम करणारा काडीपैलवान कंबर हलवत आला, त्यानं चष्मा काढला, मिटला, खिशात घालायला गेला. जाईना. पुन्हा घातला. जाईना. खिसा वरून शिवलेला होता. लोक खिदळायला लागले. काडीपैलवानानं हाताशी काही आहे का बघितलं. नेहमीचं स्टूल आज रंगवायला काढलेलं. पलंगाशेजारी एक रेडिओच होता. त्यानं चष्मा रेडिओवर ठेवला, हात झटकले आणि प्रेताला सलाम ठोकला.

छप्पर उडालं.

अकरा नंबरवर तोंड उघडं होतं, पण हसू नव्हतं.

खेळ संपल्यावर दिग्दर्शकानं वहीबाईला फैलावर घेतलं. "खिसा शिवलास? डोळे काय गहाण टाकलेस?"

"फाटला होता. टाका जरा जास्तच गेला."

तेवढ्यात दारात मालकीणबाई. सगळे उठून उभे राहिले. भोपळ्याला पोट कुठे लपवावं कळेना.

"छान करता हो," त्या म्हणाल्या. "फार हसले. नोटीस मागे घ्यायला सांगते."

चौदा माणसांनी एकदम श्वास सोडला.

"ताई, ते दुसऱ्या कडव्यातलं जरा..." दिग्दर्शक हात चोळत म्हणाला.

"असू दे की. यांचं याहून दणदणीत असायचं." सगळे हसले. "फक्त तो चष्मा रेडिओवर नको. सिनेमात आहे तसा खिशातच ठेवा."

"हो, हो. उद्यापासून खिशातच."

मालकीणबाई निघाल्या. दाराशी थांबल्या.

"रेडिओचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो! या बाईनं खिसा शिवून ठेवला, स्टूल नव्हतं. गफलत झाली, झालं."

"असं होय," मालकीणबाई म्हणाल्या आणि हसल्या. वहीबाई कोपऱ्यात वहीत लिहीत होती.

"आता कसले हशे मोजतेस?" दिग्दर्शक म्हणाला. "खेळ वाचला! पेढे वाट!"

बुधवारी सकाळी वहीबाई एका लांब रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला. जाळीपलीकडे पांढऱ्या केसांचा म्हातारा येऊन बसला.

"दाढ दुखायची थांबली का?" तिनं विचारलं.

"काढलीच. तू वाळलीस गं."

"बाबा, त्या रात्री मालकांचा चष्मा कधी नव्हे तो रेडिओवर होता. तो तुम्ही सवयीनं उचलून त्यांच्या खिशात ठेवलात. हे कुणाकुणाला बोलला होतात?"

"तुझ्याशिवाय कुणाला नाही. प्रेताला हात लावला म्हटलं असतं तर फासावरच चढवला असता. का गं?"

तिनं वही उघडून जाळीला टेकवली. रेघांखाली एकच वाक्य होतं: 'रेडिओचं तुम्हाला कुणी सांगितलं?'

"मग मालकीणबाईंना कसं ठाऊक?"