वल्हव आणि नांगर

"आला, आला! सोफी, आनंदाचा फोन आला!"

फोन पलंगाशेजारच्या टीपॉयवरच वाजत होता. पण रिसिव्हर धरून ठेवायचंही बळ आता जुडाहच्या हातात राहिलं नव्हतं. त्याची बायको सोफी पोळी तव्यावर तशीच टाकून धावली आणि तिने स्पीकरचं बटण दाबलं.

"का रं जुड्या, जित्ता हाय का गेलास?"

"तुझ्याआधी मी कधी आऊट झालोय का रे?" जुडाह म्हणाला, आणि त्या एका वाक्यानेच त्याला धाप लागली.

दर रविवारी अकरा वाजता हे असं चालायचं. जुडाह चेऊलकर आणि आनंदा नाखवा, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी भारताकडून सलामीला खेळलेली जोडी. एक पनवेलच्या बेने इस्रायली ज्यू मास्तरांचा मुलगा, दुसरा करंजाच्या कोळीवाड्यातला. दोघांच्या वाट्याला कसोट्या आल्या पाचच, पण रुबाब असा की विचारू नका! बाकीचे फलंदाज धाव घेताना 'येस', 'नो' ओरडायचे. ही जोडी होडीवरचे शब्द ओरडायची. 'वल्हव' म्हणजे पळ, 'नांगर' म्हणजे थांब. गोऱ्यांना ओ की ठो कळायचं नाही. पेपरवाल्यांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले होते, आणि करंजातल्या शेंबड्या पोरालाही ते शब्द पाठ होते.

अजूनही फोन ठेवण्याआधी जुडाह तोच खेळ खेळायचा.

"आनंदा, कव्हरला ढकललाय. काय करू?"

"वल्हव!" पलीकडून आरोळी यायची.

जुडाह हसायचा. मग डोळे मिटून बराच वेळ निपचित पडून राहायचा.

आणि सोफी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. कारण आनंदा नाखवाला जाऊन नऊ महिने झाले होते.

फोनवर बोलायचा तो त्याचा धाकटा भाऊ जगन. आवाज हुबेहूब, खोकण्यासकट.

आनंदा गेला तेव्हा जुडाह नुकताच दवाखान्यातून घरी आला होता. डॉक्टरांनी सोफीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय जेमतेम चालतंय, एवढासाही धक्का नको. दुसऱ्या दिवशी पेपरात आनंदाचा फोटो. सोफीने तो पेपर गादीखाली सारला आणि आज पेपरच आला नाही म्हणाली. संध्याकाळी टीव्हीवर सामना लागला, तर खेळाडूंच्या दंडाला काळ्या फिती! तिने सरळ केबलची वायर ओढली. खोटं बोलायची सवय नसलेली बाई ती.

जुडाहने काहीच विचारलं नाही. उलट तेव्हापासून त्याने पेपर मागायचंच सोडलं. "डोळ्यांना त्रास होतो," म्हणाला. देव पावला, असं सोफीला वाटलं.

पण रविवारच्या फोनचं काय करायचं? दवाखान्यात जाण्याआधी रिसिव्हर जुडाह स्वतःच कानाला लावायचा, पलीकडून आनंदा काय म्हणतो ते तिला कधी ऐकूच यायचं नाही. तिने जगनचे पाय धरले. पहिल्या फोनला जगनने 'वल्हव' म्हटलं आणि जुडाह एकदम गप्प झाला. मग जुडाह हसला. निभावलं एकदाचं, म्हणून तिने सुस्कारा टाकला.

परवा शुक्रवारी जगनने तिला मोबाइलवर गाठलं होतं.

"वयनी, मला नाय जमत आता. रविवारी मैनावयनी माज्या बाजूला येऊन बसते. नवऱ्याचा आवाज ऐकाया! गेल्या खेपेला म्हणली, अजून दोन शब्द बोल की. काळीज फाटतं माजं. या रविवारी मी खरं काय ते सांगून टाकतो."

"जगनभाऊ, पाया पडते तुमच्या," सोफी म्हणाली. "डॉक्टर आता आठवड्यांच्या हिशोबात बोलतात. त्यांना सुखाने जाऊ द्या. आपला आनंदा आहे, एवढं वाटत असताना जाऊ द्या."

जगनने फोन ठेवून दिला होता.

आणि आता तो लाइनवर होता. मागे करंजाचा वारा घोंगावत होता. स्वयंपाकघरातून पोळी करपल्याचा वास येऊ लागला होता, पण सोफी फोनपाशीच उभी राहिली.

"जुड्या," आवाज चिरकला. "आज तुला येक सांगायचं हाय."

सोफीने फोन बंद करायला हात पुढे केला. जुडाहने तिचं मनगट धरलं. कुठून आणलं होतं एवढं बळ, कुणास ठाऊक.

"राहू दे, सोफी," तो म्हणाला. मग फोनकडे तोंड वळवून सावकाश, थांबत थांबत बोलू लागला. "आधी माझं ऐक, आनंदा. तिसरी कसोटी आठवते? त्यांच्या विकेटकीपरने आपले शब्द ओळखले होते. मग लंचला आपण काय केलं? शब्द उलटे केले. नांगर म्हणजे पळ, आणि वल्हव म्हणजे थांब. शेवटच्या कसोटीपर्यंत तसेच ठेवले, आणि नंतर फोनवरही. पेपरवाल्यांना नाही सांगितलं. सोफीला नाही, मैनाला नाही. तुझ्या धाकट्या भावालासुद्धा नाही."

पलीकडून मैनाचा हुंदका ऐकू आला.

"तू वल्हव म्हणतोस आणि मी थांबतो," जुडाह म्हणाला. "नऊ महिने झाले, थांबलोच आहे. पुढच्या रविवारीही म्हण. म्हणशील ना, जगन?"