तारेचा वास

फास लावताना मी हातमोजे घालतोच, कारण माणसाचा वास लागलेल्या तारेजवळ ससा फिरकत नाही. तरी आठवडाभर सगळे फास रिकामे. घरात पिठाने डब्याचा तळ गाठला होता. “कोल्हा डल्ला मारत असेल,” बायको म्हणायची. आज एक तार सहज नाकाशी नेली. तारेला मलमाचा वास होता; खोकला झाला की बायको बाळाच्या छातीला चोळायची, तेच मलम. बाळ गेलं तरी ती रोज डबी उघडून बोट फिरवते. फासात शेवटची सापडली होती ती सशाची गाभण मादी. पोटातली चार पिल्लं बायकोने परसात पुरली. घरी आलो तेव्हा ती दारातच हात पाठीमागे धरून उभी होती. “मिळालं काही?” “नाही गं. कोल्हाच असणार,” मी म्हणालो आणि तिच्यादेखत हातमोजे चुलीत टाकले.